खापर हवामानाच्या डोक्यावर

नदीवर गळ टाकून मासा धरायचा, त्याच्याशी झुंजायचं, फोटो काढायचा आणि जमलं तर पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, असा छंद जोपासणाऱ्यांत सध्या एक युक्तिवाद फार चालतो. नद्यांतले मोठे मासे गेले हे कबूल; पण ते हवामान बदलल्यामुळे गेले. पाऊस वेळेवर येत नाही, उन्हाळे अंगावर येतात, डोह आटतात. यातलं काहीच आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच, की दरवर्षी नदीत-तलावात चांगल्या जातीच्या बोटुकल्या, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडायच्या. जात कुठली का असेना, मासा तो मासा. रीळ किरकिरलं, दांडी वाकली, की हौस भागली.

ऐकायला हे समंजस वाटतं. त्यात विज्ञानाची जाण आहे, थोडी हतबलता आहे आणि शेवटी काहीतरी विधायक करण्याची तयारीही आहे. मंत्र्यांपासून क्लबांच्या सचिवांपर्यंत सगळ्यांना ते मानवतं, कारण त्यात कुणालाच दोष द्यावा लागत नाही. माझं म्हणणं असं, की हा युक्तिवाद मुळातच उलटा आहे. गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीची जी दैना झाली, तिच्यात हवामानबदलाचा वाटा आहेच. पण पुष्कळ ठिकाणी पहिला घाव आपल्या हातचा आहे आणि तो नेमका बोटुकल्या सोडण्याचाच आहे. हवामान त्या घावावर मीठ चोळतं, इतकंच.

हे मोघम बोलून उपयोग नाही. कावेरीचं उदाहरण घेऊ, कारण त्यात महाराष्ट्राचा हात आहे.

कर्नाटकात शिवनसमुद्रच्या धबधब्यापासून मेकेदाटूच्या अरुंद घळीपर्यंत कावेरी जंगलातून, खडकांतून, खोल डोहांतून वाहते. या पट्ट्यातला कुबडा म्हसीर हा जगभरच्या गळवाल्यांचा देव. डोक्यामागून एकदम वर चढलेली पाठ, केशरी झाक असलेले पर, तळहाताएवढे खवले. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्याने १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून दक्षिणेतला म्हसीर इंग्रजांच्या डोक्यात बसला. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने (शिकारीच्या जनावरांत पेंढा भरून देणारं हे जगप्रसिद्ध घराणं) कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत १२० पौंडांचा म्हसीर काढला. म्हणजे ५४ किलोंहून जास्त. इतकं वजन पेलणारी दांडी आजही सहसा कुणाकडे नसते. पुढे १९७७-७८ मध्ये तीन इंग्रज तरुण म्हसीरच्या शोधात भारतभर हिंडले आणि कावेरीत हा मासा अजून आहे, हे जगाला पुन्हा कळलं. मग भीमेश्वरी, दोड्डमकाळी, गालिबोरे इथे छावण्या उभ्या राहिल्या. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारी माणसं तिथे वाटाडे झाली. पाहुण्यांनी मासा धरायचा, तोलायचा, वहीत नोंदवायचा आणि सोडून द्यायचा, असा शिरस्ता पडला.

मासा कमी होतोय ही ओरड तेव्हाही होतीच आणि उपायही तोच सुचला: बोटुकल्या सोडा. त्या आल्या लोणावळ्याहून.

लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीचं म्हसीर पैदास केंद्र आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०च्या आसपास तिथे जे करून दाखवलं, ते त्या काळी कुणाला जमलं नव्हतं. पावसाळ्यात अंड्यावर आलेली मादी हातात घ्यायची, पोटावरून अलगद अंगठा फिरवायचा, की पिवळसर सोनेरी अंडी घमेल्यात उतरतात. त्यावर नराचं वीर्य सोडून पिसाने हलकेच ढवळायचं आणि अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पहिले काही दिवस उजेडाकडे पाठ करून, कोपऱ्यात डोकी खुपसून, एकमेकांवर रचल्यासारखी पडून राहतात. आधी मत्स्यजिरे, मग बोटुकली, मग ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून प्रवास. या कामाने सह्याद्रीतला निळ्या परांचा म्हसीर तगला, हे नाकारणारा कृतघ्न म्हणावा लागेल. मीही नाकारत नाही.

पण तो मासा कुठला? कर्नल साइक्सने १८३९ साली या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या नमुन्यावरून. म्हणजे तो आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला. तिथे त्याच्या बोटुकल्या सोडणं वेगळं आणि कावेरीत सोडणं वेगळं. ‘दोन्ही म्हसीरच ना, दोन्ही भारतीयच ना,’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की माशाला पासपोर्ट लागत नाही, खोरं लागतं. दोन खोऱ्यांच्या मधला डोंगर मासा चालून ओलांडत नाही. त्या डोंगराने लाखो वर्षं जे वेगळं ठेवलं, ते ट्रकमधून एका रात्रीत पलीकडे गेलं.

पुढे काय झालं, हे गालिबोरेच्या छावणीतल्या वह्यांमुळे कळतं. १९९८ ते २०१२ या काळात तिथे किती तास गळ पाण्यात होते, किती मासे लागले, त्यांची वजनं काय होती, हे सगळं लिहून ठेवलेलं. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी २०१५ मध्ये या नोंदी तपासल्या. २३,६२० तासांची मासेमारी, ६,१६१ म्हसीर, सगळ्यांत मोठा ४६.८ किलोंचा. वर्षागणिक लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली आणि सरासरी वजन घटत गेलं. छावणीतल्या पाहुण्यांना हे शुभलक्षण वाटलं असणार. दिवसाला दोनाऐवजी सहा मासे लागले तर कुणाला वाईट वाटेल? पण ते मासे निळ्या परांचे होते. कुबड्या म्हसीरचे म्हातारे तेवढे अधूनमधून लागत होते, त्यांची पोरंबाळं दिसेनाशी झाली होती. पिढीच थांबली होती.

जगातला सर्वांत नामांकित गळाचा मासा असा संपत चालला होता, तेव्हा शास्त्राच्या दफ्तरात त्याची धड नोंदही नव्हती. २०१८ मध्ये कुठे मोयार नदीतल्या नमुन्यांवरून त्याची ओळख पक्की झाली, टॉर रेमादेवी या जातीशी. त्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ या रकान्यात गेला, म्हणजे नामशेष होण्याच्या अलीकडच्या पायरीवर. आणि आपला निळ्या परांचा म्हसीर? तो पुढे याच यादीत ‘संकटग्रस्त’मधून ‘चिंता नसलेल्या’ जातींत आला. बातम्यांत त्याचा आनंद साजरा झाला. कावेरीतल्या कुबड्याचं नाव त्या बातम्यांत क्वचितच आलं.

आता हवामानवाद्यांना माझा प्रश्न. नदी एक, डोह एक, पाणी एक, ऊन एक, पाऊस एक. त्याच पाण्यात एक म्हसीर वाढला आणि दुसरा संपत आला. हे केवळ हवामानाचं काम असतं तर दोघांचंही वाटोळं व्हायला हवं होतं. धरणांचा, वाळूउपशाचा, सुरुंगांचा दोष आहेच. कृष्णराजसागर आणि मेट्टूर ही धरणं झाली तेव्हा, १९३०च्या दशकातच, नदीचा गळा आवळला गेला होता. पण तो त्रासही दोघांना सारखाच. एकाच अन्नावर, एकाच डोहावर हक्क सांगायला जो नवा भाऊबंद आणून बसवला, तो कुबड्याच्या बोकांडी बसला. आणि तो आकाशातून पडला नव्हता.

याचा अर्थ हवामानबदल थोतांड आहे, असा कुणी काढू नये. पावसाचं तंत्र बिघडलंय, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी आकड्यांनिशी सांगतात: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. माशाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे रायगड-ठाण्याकडच्या कुठल्याही गावकऱ्याला विचारा. मृगाच्या पहिल्या दमदार पावसात ओढे खळाळले, की नदीतला मासा उलट्या प्रवाहाने वर चढतो, शेतांत शिरतो. या चढणीला वलगण म्हणतात. देशावर चढणीचे मासे म्हणतात. पोटात गाभोळी घेऊन अंडी घालायला निघालेला हा मासा. त्याला पाऊस हवा, पण सलग हवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक सर येऊन पुढे तीन आठवडे ऊन पडलं, तर वर चढलेला मासा खाचरातच अडकतो. आणि एका दिवसात महिन्याचा पाऊस पडला तर अंडी घातलेली वाळू-गोटेच वाहून जातात. २०१८च्या ऑगस्टमध्ये कावेरीच्या उगमाकडे, कोडगूत, डोंगर कोसळले. २०२३ साली त्याच खोऱ्यात पावसाने ओढ दिली आणि पुढच्या उन्हाळ्यात बंगळूर पाण्यासाठी वणवण फिरलं. म्हसीरसारख्या मोठ्या, उशिरा वयात येणाऱ्या आणि विणीसाठी वर चढणाऱ्या माशाने असे झटके सोसायचे तरी किती?

तापमानाचं गणित तर आणखी सरळ आहे. वीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. पाणी तापलं की माशाला श्वास जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. म्हसीर वाहत्या, खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा भोक्ता. याउलट चिलापी, म्हणजे तिलापिया, उथळ, कोमट, घाण पाण्यातही संसार थाटते आणि पिल्लं तोंडात सांभाळते. आफ्रिकी मांगूर वर येऊन थेट हवा घेतो. कवच अंगावर घेऊन फिरणारा सकर मासा ज्या पाण्यात आपला मासा गुदमरेल त्यातही तग धरतो. म्हणजे हवामानबदल सगळ्या माशांवर सारखी कुऱ्हाड चालवत नाही. तो निवड करतो आणि बहुतेक वेळा कौल उपऱ्याच्या बाजूने देतो. म्हणूनच ‘हवामान बिघडलंय, आता जास्त बोटुकल्या सोडा’ हा सल्ला इतका घातक. पाणी तापत असताना परका, काटक मासा सोडणं म्हणजे घरात आग लागलेली असताना रॉकेलचा डबा मदतीला नेणं.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे चपखल बसतं आणि योगायोग असा, की त्यातलाही मासा कुबडाच आहे. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन धरण आहे, मागे लेक पॉवेल हा अवाढव्य जलाशय. १९८२ साली त्यात गळवाल्यांच्या हौसेसाठी स्मॉलमाउथ बास हा पूर्वेकडच्या नद्यांतला मासा सोडला. जलाशयात तो फोफावला. धरणाच्या खाली, ग्रँड कॅनियनमध्ये मात्र जाऊ शकला नाही, कारण धरणातून सुटणारं पाणी तळाचं, थंडगार असायचं. त्या खालच्या नदीत हम्पबॅक चब हा कुबडा मासा जेमतेम सावरत होता. २०२१ मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’मधून एक पायरी वर आणलं गेलं. मग दुष्काळ लांबला, लेक पॉवेलची पातळी घसरली. वरचा तापलेला थर टर्बाइनच्या तोंडाशी आला आणि त्या पाण्याबरोबर बासही खाली उतरला. २०२२च्या उन्हाळ्यात धरणाखालच्या एका शांत कोपऱ्यात बासची पिल्लं सापडली. २०२४ मध्ये नदी थंड राखण्यासाठी वीजनिर्मितीवर पाणी सोडून धरणाच्या खालच्या मार्गाने पाणी वळवावं लागलं.

दार उघडलं तापमानाने, हे खरंच आहे. पण दाराशी त्याला आणून कुणी उभं केलं? चाळीस वर्षांपूर्वी ‘मासा तो मासा’ म्हणणाऱ्यांनी.

केरळात २०१८च्या महापुरानंतर हेच वेगळ्या रूपात दिसलं. तळ्यांत, टाक्यांत पाळलेले दक्षिण अमेरिकेतले अरापैमा पुराच्या पाण्याबरोबर नद्यांत आले आणि गळाला-जाळ्याला लागू लागले. अवजड, चकचकीत, माणसाएवढा मासा हातात घेतलेले फोटो फिरले. त्याखालच्या टाळ्या वाजवणाऱ्या प्रतिक्रिया वाचून मला धास्ती वाटली. अतिवृष्टी वाढणार आहे. म्हणजे प्रत्येक तळं, प्रत्येक मत्स्यालय हे आता नदीला जोडलेलंच समजायला हवं.

‘पण ट्राउटचं काय?’ असा एक ठेवणीतला सवाल असतो. काश्मीरमध्ये १९००च्या सुमाराला इंग्रजांनी ब्राउन ट्राउट आणली, पुढे हिमाचलात गेली, आज ती तिथल्या पर्यटनाची शान आहे. परका मासा वाईटच असतो असं कशावरून? शान आहे, मान्य. तिथला मूळचा ‘असला’ नावाचा मासा ट्राउटच्या तोंडी गेला, हेही त्याच हिशोबात मांडा. शिवाय थंड पाण्याची ट्राउट आता स्वतःच तापमानाच्या कात्रीत सापडली आहे. पाणी तापेल तसतशी ती वर सरकणार आणि वर जागा संपणार. परक्या माशाने बांधलेली हौसही हवामानाच्या तडाख्यातून सुटत नाही. ट्राउटचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या.

आता घरी येऊ. आपल्याकडे मुळशी, पवना, वळवण, पवई असे गळवाल्यांचे अड्डे आहेत आणि उजनीसारखे अफाट जलाशय. मोझांबिकची तिलापिया १९५२ साली भारतात आली आणि आज उजनीच्या काठच्या बाजारात चिलापी हा रोजचा शब्द आहे. मांगूरवर केंद्राने २००० मध्येच बंदी घातली, तरी तळ्यांत त्याची पैदास चालूच राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये कडक आदेश दिल्यावर भिवंडी-पालघरकडच्या तळ्यांतून तो काढून पुरण्याची वेळ आली. सकर मत्स्यालयांतून नद्यांत पोचला. तो जाळं फाडतो, ताटात येत नाही, बाजारात विकला जात नाही. २०१९ आणि २०२४च्या उन्हाळ्यांत उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. उरलेल्या कोमट डबक्यात कोण तगलं असेल, हे सांगायला पंचांग लागत नाही.

‘लागतो ना गळाला?’ लागतो की. चिलापी पिठाच्या गोळीलाही लागते, तळहाताएवढी, एकामागून एक, संध्याकाळपर्यंत. दाटीत ती खुजीच राहते. ज्याला तेवढंच हवं त्याने खुशाल धरावं आणि घरी नेऊन तळावं. पण याला गळाची मासेमारी म्हणणारा मासेमारी जाणत नाही. मरळ कसा दबा धरतो, वाम दगडात कशी अडकून बसते, शिवडा रात्री आमिष कसं ओढतो, म्हसीर गळ तोंडात घेतल्यावर प्रवाहाच्या जोरावर दीडशे फूट दोरी कशी घेऊन जातो, या निरनिराळ्या विद्या आहेत. त्या त्या माशाबरोबर त्या विद्याही जाणार. हौशी माणसाचं नुकसान म्हणजे फक्त किलो कमी झाल्याचं नुकसान नव्हे.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. निसर्गप्रेमींतला एक कर्मठ गट म्हणतो, की गळवालेच दोषी, बंदी घाला, नदी आपोआप सावरेल. कावेरीत हाही प्रयोग झाला. छावण्या कावेरी अभयारण्यात होत्या. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित क्षेत्रात मासा धरून सोडणंही शिकारीत मोडतं, असा अर्थ लावला गेला आणि २०१२पर्यंत हा खेळ बंद पडला. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण त्याबरोबर वह्याही बंद झाल्या. कुबडा संपत चाललाय हे ज्या नोंदींनी दाखवलं, त्या गळवाल्यांच्याच होत्या. सरकारी दप्तरात त्याचा मागमूस नव्हता. नदीवर रोज नजर ठेवणारी वाटाड्यांची फौज गेली. परका मासा मात्र बंदी वाचून परत लोणावळ्याला आला नाही. आणि याच पट्ट्यात आता मेकेदाटूचं ६७ टीएमसीचं धरण प्रस्तावित आहे. गळाला घाबरणाऱ्यांनी तिकडे आधी पाहावं.

मात्र गळवाल्यांना मी मोकळं सोडत नाही. ‘आम्ही तर मासा सोडून देतो’ हे समर्थन थंड पाण्यात चालतं. तापलेल्या पाण्यात दमलेला मासा सोडला तरी तासाभराने उलटा होऊन तरंगू शकतो. अमेरिकेत माँटाना राज्यात नदीचं पाणी सलग तीन दिवस २३ अंशांच्या आसपास गेलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायला मनाई होते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या भर दुपारी, डोह गुडघाभर उरलेला असताना, मासा दगडावर ठेवून चार कोनांतून फोटो काढणाऱ्यांना कुणी हटकत नाही. क्लबांनी हा नियम स्वतःहून करायला काय हरकत आहे? थर्मामीटर रिळापेक्षा स्वस्त मिळतो.

बोटुकल्या न सोडता मासा तगतो का, असं विचारणाऱ्यांनी महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीला जावं, किंवा वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराला. देवाचा मासा म्हणून तिथे कुणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही. अंगठ्यापासून हातभर लांबीपर्यंतचे म्हसीर कोंडीत घोळक्याने फिरतात आणि लाह्या-फुटाण्यांसाठी पायरीपर्यंत येतात. तिथे कुठल्याही खात्याने पैदास केंद्र काढलेलं नाही. खोल डोह राखला, पाणी वाहतं ठेवलं, सुरुंग आणि ब्लीचिंग पावडर लांब ठेवली, एवढंच. (अर्थात एखाद्या भाविकाने पुण्य म्हणून घरच्या मत्स्यालयातला मासा तिथे सोडला, की याचीही उजनी व्हायला वेळ लागणार नाही.)

बोटुकल्या कधीच सोडू नयेत, असं माझं म्हणणं नाही. ज्या नदीतला मासा, त्याच नदीतल्या आईबापांची पिल्लं, तीही नदीत त्यांना जगायला डोह आणि विणीला वाट शिल्लक असेल तर, जरूर सोडावीत. मुळा-मुठेच्या, इंद्रायणीच्या, भीमेच्या खोऱ्यात निळ्या परांच्या म्हसीरसाठी हे करण्यासारखं आहे. पण ते करायचं तर आधी धरणांतून पावसाळ्याच्या सुरुवातीला मासा वर चढेल इतकं पाणी सोडावं लागेल, वाळूचा उपसा थांबवावा लागेल, गळाला लागलेली चिलापी आणि मांगूर पुन्हा पाण्यात न सोडण्याची सवय लावून घ्यावी लागेल आणि क्लबाच्या वह्यांत मासा कुठल्या जातीचा हे नीट लिहावं लागेल. हे सगळं कटकटीचं आहे, त्यात उद्घाटन नाही. पिशवीची गाठ सोडून हजार बोटुकल्या पाण्यात ओतणं सोपं असतं, फोटोही छान येतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली नद्यांत बीज सोडण्याचे कार्यक्रम आता ठिकठिकाणी होतात आणि पुढेही होतील. काही चांगलेही असतील.

तुमच्या गावच्या नदीवर, तुमच्या क्लबाच्या तलावावर असा कार्यक्रम ठरला, तर हारतुरे होण्याआधी पुढे होऊन एकच विचारा: या बोटुकल्यांचे आईबाप कुठल्या नदीतले? उत्तर आलं नाही, किंवा ‘चांगल्या जातीचे आहेत’ असं आलं, तर पिशवी उघडू देऊ नका.